चारशे किलोच्या गायीला किती औषध?

तोंडी परीक्षेतला पहिला प्रश्न सोपा आला. "चारशे किलोची गाय आहे. मेलॉक्सिकॅम किती देशील?"

मेलॉक्सिकॅम म्हणजे ताप, सूज आणि वेदना कमी करणारं औषध. डोस पाठ होता, किलोमागे अर्धा मिलिग्रॅम. म्हणजे २०० मिलिग्रॅम. बाटलीत दर मिलिलिटरला ५ मिलिग्रॅम औषध, म्हणून ४० मिलिलिटर. मी धडाधड सांगितलं आणि मनातल्या मनात पास होऊन मोकळा झालो.

"चारशे किलो कशावरून?"

"सर, तुम्हीच म्हणालात."

"मी म्हणालो. गोठ्यात कोण म्हणणार आहे?"

तिथून पुढे माझी जी उलटतपासणी झाली, त्यात अख्खं पशुवैद्यक येऊन गेलं. त्या वेळी ते मला कळलं नाही, कारण घाम पुसण्यातच वेळ गेला. आता मात्र कुणी विचारलं की जनावरांचा डॉक्टर व्हायला साडेपाच वर्षं कशाला लागतात, औषधं तर माणसांचीच, जरा जास्त द्यायची एवढंच ना, तर मला ती खोलीच आठवते. म्हणून सरांनी ज्या क्रमाने प्रश्न विचारले, त्याच क्रमाने सांगतो. औषधं बरीचशी तीच असतात, हे खरंच आहे. घोटाळा होतो तो 'जरा जास्त' या दोन शब्दांत.

वजनाचं आधी उरकू. गोठ्यात काटा नसतो, शिंप्याचा टेप असतो. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर इंचात घ्यायचा. खांद्याच्या टोकापासून शेपटीजवळच्या हाडापर्यंत लांबी घ्यायची. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ३००, की वजन पौंडांत येतं. घेर ७० आणि लांबी ५८ इंच असेल तर साधारण ९४७ पौंड, म्हणजे ४३० किलो. नुसत्या नजरेने सांगणारे अनुभवी लोकही बरेच चुकतात. चूक कमीकडे झाली तर काय बिघडतं, असं वाटेल. जंताच्या औषधात ते फार महागात पडतं. औषध कमी पडलं की चिवट जंत तेवढे जगतात, त्यांचीच पिल्लावळ वाढते आणि दोन-चार वर्षांत त्या कळपावर तेच औषध पाण्यासारखं होतं.

"बरं, आता गाय नाही. मांजर आहे."

मी पुन्हा किलोचा हिशेब करायला लागलो, तशी सरांनी मान हलवली.

औषधशास्त्राचे दोन भाग असतात. औषध शरीराला काय करतं, हा एक. शरीर औषधाचं काय करतं, हा दुसरा. पहिला भाग प्राण्याप्राण्यांत तसा बराच सारखा. जनावर बदललं की बदलतो तो दुसरा. औषध पोटात गेलं की ते रक्तात किती उतरतं, यकृत त्याची मोडतोड कशी करतं, मूत्रपिंड ते किती वेगाने बाहेर टाकतं, हे प्रत्येक जातीचं वेगळं. वजनाने भागून-गुणून ते निघत नाही.

मांजर आणि पॅरासिटामॉल हे याचं सगळ्यात क्रूर उदाहरण. आपलं यकृत पॅरासिटामॉलच्या रेणूला ग्लुक्युरोनिक आम्लाचं शेपूट लावतं. शेपूट लागलं की तो पाण्यात सहज विरघळतो आणि लघवीवाटे निघून जातो. मांजराच्या यकृतात हे शेपूट लावणारी यंत्रणा जवळजवळ बंद आहे, तिचा एक जनुकच मोडलेला आहे. पिढ्यानपिढ्या निव्वळ मांस खाणाऱ्या प्राण्याला वनस्पतींतली रसायनं निस्तरायची वेळच फारशी आली नाही, म्हणून तो मोडला तरी काही अडलं नाही, असं मानतात. तो अडला माणसाच्या औषधांच्या डब्यापाशी. साचलेल्या औषधातून विषारी पदार्थ तयार होतो आणि तो तांबड्या पेशींतलं हिमोग्लोबिनच निकामी करतो. रक्त चॉकलेटी पडतं, हिरड्या मातकट होतात, तोंड आणि पंजे सुजतात. ५०० मिलिग्रॅमची एक गोळी चार किलोच्या मांजराचा जीव घ्यायला पुरते. उतारा आहे, ॲसिटिलसिस्टीन नावाचा, पण तो वेळेत मिळाला तर. 'ताप वाटला म्हणून अर्धी गोळी दिली' हे वाक्य कुणी शांतपणे सांगितलं की पोटात गोळा येतो.

ॲस्पिरिनचे आकडे तर मला फळ्यावर लिहून ठेवावेसे वाटतात. शिरेतून दिल्यावर रक्तातलं औषध निम्म्यावर यायला गायीत अर्धा तास लागतो, घोड्यात एक तास, कुत्र्यात साडेआठ तास आणि मांजरात जवळजवळ अडतीस तास. औषध तेच. गायीच्या शरीरातून सकाळचा डोस दुपारपर्यंत गेलेला असतो. मांजराला रोज द्याल तर कालचा आणि परवाचा डोस अजून मुक्कामाला असतो.

मोठं जनावर म्हणजे मोठा डोस, हेही खरं नाही. झायलाझीन हे गुंगीचं औषध घ्या. घोड्याला किलोमागे जेवढं लागतं, त्याच्या दहाव्या हिश्श्यात गाय गुंगून मान खाली घालते. घोड्यांवर काम केलेला नवखा डॉक्टर सवयीने गायीसाठी सिरिंज भरायला लागला, तर शेजारच्याने त्याचा हात धरावा. एकाच जातीतही फरक निघतात. कॉली कुत्र्यांमध्ये मेंदूचं दार राखणारं एक प्रथिन अनेकदा सदोष असतं, त्यामुळे एरवी निर्धोक असलेलं आयव्हरमेक्टिन हे जंत-गोचिडांवरचं औषध जास्त मात्रेत त्यांच्या मेंदूत शिरतं.

पुढचा प्रश्न आला, "गायीला प्रतिजैविक तोंडावाटे देशील?"

इथे कोटीपोट मध्ये येतं. गायीच्या पोटाचा हा पहिला कप्पा शंभर लिटरहून मोठा असतो आणि त्यात अब्जावधी सूक्ष्मजीव कडबा आंबवत असतात. गाय खाते कडबा, पण जगते त्या सूक्ष्मजीवांच्या जिवावर. तोंडावाटे प्रतिजैविक ओतलं की आधी हेच मरतात. गाय खाणं सोडते, रवंथ थांबतो, आणि मूळ आजार बाजूला राहून नवाच सुरू होतो. उलटही घडतं. काही औषधं सूक्ष्मजीवच मोडून खातात, रक्तापर्यंत काही पोचतच नाही. म्हणून मोठ्या गुरांना प्रतिजैविक बहुधा सुईने.

मात्र पंधरा दिवसांच्या वासराला हा नियम लागत नाही. त्याचं कोटीपोट अजून जागं झालेलं नसतं. दूध पिताना अन्ननलिकेच्या टोकाशी एक पन्हळ तयार होते आणि दूध थेट चौथ्या पोटात उतरतं. औषधाच्या दृष्टीने ते वासरू गायीपेक्षा आपल्या जवळचं. गोठा तोच, आई तीच, आणि नियम उलटा.

लाल लघवी

मग सरांनी वही मिटली. "इतका वेळ तू औषध देतोयस. गायीला झालंय काय, ते विचारलंस?"

नव्हतं विचारलं.

निदान कसं शिकवतात, ते एका तक्रारीवरून सांगतो. म्हैस लाल लघवी करते. शेतकरी एवढंच सांगतो, आणि घाबरून सांगतो, कारण चहाच्या कोऱ्या काढ्यासारखी लघवी बघून कुणीही घाबरेल. पहिली चाचणी फुकट आहे. काचेच्या स्वच्छ बाटलीत लघवी धरायची आणि न हलवता ठेवून द्यायची. लाल रंग तळाशी बसला आणि वर पिवळं पाणी राहिलं, तर त्या अख्ख्या तांबड्या पेशी आहेत. कुठेतरी रक्तस्राव होतोय. मूत्राशय, मूत्रपिंड किंवा खडा तपासा. रंग खाली बसलाच नाही, तर पेशी रक्तातच फुटल्या आहेत आणि त्यांच्यातलं हिमोग्लोबिन लघवीतून येतंय. म्हणजे घर वेगळं, गुन्हेगार वेगळा.

आता थर्मामीटर. तो गुदद्वारात नुसता खोचून चालत नाही, आतल्या भिंतीला टेकायला हवा, नाहीतर शेणाचं तापमान मोजून आपण निवांत राहतो. १०५ ताप आहे आणि अंगावर गोचीड आहेत, तर संशय बबेसिया या रक्तातल्या परजीवीवर. कानाच्या टोकाला टोचून काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरायचा, रंगवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. तांबड्या पेशीत नासपतीच्या आकाराची जोडी दिसली की झालं. त्यावर डिमिनाझीन चालतं. गोचिडांमुळेच होणारा थायलेरिया मात्र या औषधाला दाद देत नाही, त्याला बुपारवाक्वोन लागतं. त्यात लाल लघवीपेक्षा खांद्यापुढच्या आणि मांडीपुढच्या गाठी सुजलेल्या हाताला लागतात.

आणि ताप नसेल तर? म्हैस गेल्या महिना-दीड महिन्यात व्यालेली असेल तर? मग कदाचित कुठलाच जंतू नाही. रक्तातला फॉस्फरस इतका घसरलाय की तांबड्या पेशींना आपली कातडी सांभाळण्याची ताकद उरलेली नाही, म्हणून त्या फुटतायत. इथे फॉस्फरसच द्यावा लागतो. गोचिडतापाची सुई दिली तर दोन दिवस वाया जातात आणि अशा म्हशीकडे दोन दिवस नसतात.

लक्षण एकच, वाटा तीन. आणि त्या ओळखायला लागलं काय? बाटली, थर्मामीटर, काचपट्टी आणि 'कधी व्याली?' हा प्रश्न. विद्यापीठाच्या दवाखान्यात सोनोग्राफी आहे, रक्ताची यंत्रं आहेत, ती शिकायलाच हवीत. पण विद्यार्थी यंत्राच्या प्रेमात लवकर पडतात आणि हात लावायला उशीर करतात, हे माझं मत झालंय. डाव्या भकाळीत, म्हणजे बरगड्यांमागच्या खोलगट भागात, मूठ दाबून दोन मिनिटं थांबलं की कोटीपोट किती वेळा हललं ते कळतं. दोन-तीनदा हललं तर ठीक. व्यायल्यानंतर काही आठवड्यांत दुधाळ गाय खुराक सोडून नुसता कडबा चघळायला लागली आणि तिच्या श्वासाला गोडसर वास आला, तर प्रयोगशाळेचा अहवाल येण्याआधीच कीटोसिस डोक्यात यावा, म्हणजे खाणं पुरेनासं होऊन अंगातली चरबी जाळावी लागते तो आजार.

आणखी एक गोष्ट पुस्तकात नाही. गोठ्यात डॉक्टर आला की घरातले पुरुष पुढे होऊन बोलतात आणि धार काढणारी बाई मागे, दाराशी उभी असते. "मावशी, कालच्या धारेला कशी उभी होती?" असं तिला विचारावं. मागचा सड कधीपासून गरम लागतोय, शेण कधी पातळ झालं, परवा कडब्याला तोंड कसं लावलं नाही, सगळं तिच्याकडे असतं.

सुई शिरेत, कान छातीवर

निदान बरोबर आलं तरी उपचार घात करू शकतो. हे तोंडी परीक्षेत निघालं नाही, शेवटच्या वर्षाच्या इंटर्नशिपमध्ये निघालं.

तिसऱ्या-चौथ्या वेताची चांगली दुधाळ गाय, काल व्यालेली. आज आडवी. मान वळवून कुशीवर टाकलेली, कान गार. याला दुग्धज्वर म्हणतात आणि त्यात ज्वर नसतोच, अंग उलट थंड असतं. नाव कुणी ठेवलं कोण जाणे. कारण आहे चीक. ज्याचा आपण खरवस करतो, त्या दहा लिटर चिकात सुमारे २३ ग्रॅम कॅल्शियम असतं, आणि गायीच्या अख्ख्या रक्तद्रवात एका वेळी असतं जेमतेम तीन ग्रॅम. हाडांतून भरपाई व्हायला वेळ लागतो. तोवर कास ओढतच राहते. स्नायूंना आकुंचन पावायला कॅल्शियम लागतं, ते संपलं की गाय बसते ती उठत नाही.

उपचार म्हणजे कॅल्शियम बोरोग्लुकोनेट, कोमट करून, मानेच्या शिरेतून. परिणाम इतका झटपट दिसतो की पाहणाऱ्याला जादू वाटते. आधी अंगावर थरथर येते, मग ढेकर, मग शेण. कोरड्या पडलेल्या नाकपुडीवर पाण्याचे थेंब फुटतात. अनेकदा डॉक्टर हात धूत असतानाच गाय उठून उभी राहते.

मालकाला बाटली दिसते. डॉक्टरच्या कानातला स्टेथोस्कोप दिसत नाही. बाटली उतरत असताना तो सतत हृदयावर असतो, कारण हृदय हाही स्नायूच आहे. कॅल्शियम भरभर गेलं की ठोके अडखळतात, आणि न थांबल्यास हृदय आकुंचन पावून तसंच थांबतं. ठोका चुकला की नळी चिमटायची, बाटली खाली धरायची, ठोके सुरळीत होईपर्यंत वाट बघायची. पुष्कळजण अर्धी बाटली शिरेतून आणि उरलेली कातडीखाली देतात, म्हणजे ती सावकाश शोषली जाते. 'बाटली आणून ठेवतो, पुढच्या वेताला मीच लावीन' असं म्हणणारे मालक भेटतात. बाटली कुणीही आणेल हो. पण ती किती वेगाने उतरवायची, हे तिच्यावर लिहिलेलं नसतं, ते गायीच्या छातीतून ऐकू येतं.

गिधाडं आणि दही

"मेलॉक्सिकॅमच का? डायक्लोफिनॅक स्वस्त नाही का?" सरांचा शेवटून दुसरा प्रश्न.

डायक्लोफिनॅकही वेदना आणि सूज कमी करणारंच औषध. याचं उत्तर मला आलं, कारण ते भारतातल्या कुठल्याही पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्याला यावंच लागतं. नव्वदच्या दशकात गिधाडं दिसेनाशी होऊ लागली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडाची संख्या पंधरा-सोळा वर्षांत ९९ टक्क्यांहून जास्त घसरली. कारण २००४ मध्ये पाकिस्तानातल्या अभ्यासातून समोर आलं. डायक्लोफिनॅक दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडाने ते खाल्लं, की गिधाडाची मूत्रपिंडं बंद पडतात. गायीला ते औषध सोसत होतं. गायीच्या पाठ्यपुस्तकात गिधाड नव्हतं, एवढीच अडचण. भारताने २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आणली. त्याला पर्याय म्हणून गिधाडांना निर्धोक ठरलेलं औषध पुढे आलं, तेच हे मेलॉक्सिकॅम.

पण पळवाट उरली होती. माणसांसाठीच्या डायक्लोफिनॅकच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोचत होत्या. २०१५ मध्ये सरकारने माणसांचं इंजेक्शन तीन मिलिलिटरच्या एकाच डोसात विकायची सक्ती केली. यामागचा हिशेब आमच्या पहिल्या प्रश्नासारखाच आहे. तीन मिलिलिटरच्या कुपीत ७५ मिलिग्रॅम. किलोमागे एक मिलिग्रॅम धरला तर चारशे किलोच्या गायीला पाच-सहा कुप्या फोडाव्या लागतील. फोडेल कोण? पुढे गिधाडांसाठीच, जनावरांना द्यायच्या ॲसिक्लोफिनॅक आणि कीटोप्रोफेनवर २०२३ मध्ये, आणि निमेसुलाइडवर २०२४ च्या अखेरीस बंदी आली. ॲसिक्लोफिनॅक तर गायीच्या शरीरात गेल्यावर त्याचं डायक्लोफिनॅकच होतं. वेगळ्या नावाने तोच पाहुणा.

ज्यांना या वाटेला यायचंय त्यांच्यासाठी थोडक्यात. पदवीचं नाव बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच., प्रवेश नीटमधून, आणि साडेपाच वर्षांतलं शेवटचं एक इंटर्नशिपचं. महाराष्ट्रात ही पदवी नागपुरात मुख्यालय असलेल्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची. मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ इथे महाविद्यालयं आहेत. त्यांतलं परळचं १८८६ सालचं, ज्याच्या आवारातल्या दवाखान्याला मुंबईकर आजही 'बैल घोडा हॉस्पिटल' म्हणतात. आधी शरीररचना आणि शरीरक्रिया, मधे जंतू, विकृती आणि औषधशास्त्र, शेवटी प्रत्यक्ष चिकित्सा. पहिली दोन वर्षं कंटाळवाणी वाटतात. हाडांची नावं घोकताना आपण डॉक्टर होतोय की सुतार, असा प्रश्न पडतो. यकृत आणि कोटीपोट तेव्हा नीट कळलं नाही, तर पुढे डोस नुसते पाठ करावे लागतात, आणि पाठ केलेल्या डोसाचं काय होतं ते वर आलंच.

आता सरांचा शेवटचा प्रश्न. तो मला आला नाही. "औषध दिलंस. निघताना मालकाला काय सांगशील?"

मी म्हणालो, "तीन दिवसांनी दाखवा."

"आणि दूध?"

माणसाला दिलेलं औषध माणसातच संपतं. गायीला दिलेलं औषध संध्याकाळच्या धारेत उतरतं, डेअरीच्या कॅनमध्ये जातं आणि सकाळी कुणाच्या तरी चहात येतं. म्हणून लेबलवर लिहिलेलं असतं की शेवटच्या डोसानंतर अमुक दिवस दूध वापरू नका. युरोपात गायीच्या मेलॉक्सिकॅमसाठी ही मुदत पाच दिवसांची आहे. कासदाहात सडात प्रतिजैविकाची ट्यूब सोडतात, तेव्हा तर ती पाळलीच पाहिजे, आणि एकाच सडात औषध सोडलं असलं तरी चारही सडांचं दूध बाजूला काढलं पाहिजे, कारण कासेतून औषध रक्तात आणि रक्तातून उरलेल्या सडांत पोचतं. दूध उकळल्यावर औषध जातं, हा समज चुकीचा. बरीचशी प्रतिजैविकं उकळीला पुरून उरतात. असं दूध घरी ओळखू येतं ते दह्याच्या वेळी, विरजण लागतच नाही, कारण विरजणातले जंतूही जंतूच. ते दिसतं तरी. पेनिसिलिनची ॲलर्जी असलेल्या माणसाला येणारी गांधी, किंवा थोड्या-थोड्या औषधावर पोसून निबर झालेले जंतू दिसत नाहीत. माणसासाठी राखून ठेवावं लागतं असं कोलिस्टिन हे प्रतिजैविक २०१९ मध्ये दुभत्या आणि मांसाच्या जनावरांसाठी बंद केलं गेलं ते याच धास्तीने.

तोंडी सांगून मालकाच्या लक्षात राहत नाही, हे मी पहिल्याच वर्षी शिकलो. आजार ओसरला की दूध कॅनमध्ये जातं. चार दिवसांचं दूध ओतून द्या, हे सांगायला माझं काय जातं? खिसा त्याचा रिकामा होतो. म्हणून हल्ली मी निघताना खडू मागतो आणि गोठ्याच्या भिंतीवर गायीच्या डोक्यावरच लिहितो, 'चारही सड. गुरुवार संध्याकाळपर्यंत डेअरीला नको, घरात नको.' तारीख लिहितो, खाली सही करतो. मागच्या महिन्यात एका गोठ्यात परत गेलो, तर मालकाच्या शाळकरी मुलीने माझ्या सहीखाली वेड्यावाकड्या अक्षरात भर घातली होती, 'मनीलापण नको.'